टिनाखालची रात्र

पौषात पहाटे पाचला परतवाड्याच्या बसस्टँडवर उतरलं, की आधी धुराचा वास येतो. चहाच्या टपऱ्यांच्या आडोशाला, रिक्षा थांबतात तिथं, भाजीच्या गाड्या उतरतात तिथं लहान लहान शेकोट्या पेटलेल्या असतात. कुणी पऱ्हाटी आणलेली असते, कुणी आरामशीनवरच्या ढलप्या. मफलर गुंडाळलेली माणसं तळवे पुढे करून उकिडवी बसलेली असतात. समोरचा भाग तापतो, पाठ मात्र गारच राहते, म्हणून थोड्या थोड्या वेळानं सगळे फिरून बसतात. वऱ्हाडात या थंडीला ‘हिव’ म्हणतात आणि विस्तवाला ‘इस्तो’. हिव पडलं की इस्तो पेटवायचा, इतका हा हिशेब सरळ आहे.

दुपारी एक वाजता याच माणसांनी स्वेटर काढून खांद्यावर टाकलेला असतो. पारा तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीसवर असतो. पहाटे तो दहाच्या आसपास किंवा त्याखाली होता. परतवाड्याच्या थंडीचं सगळं मर्म या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. इथं आठवडेच्या आठवडे गोठलेले दिवस नसतात. दिवसा भरपूर ऊब येते आणि रात्री निघून जाते. त्यामुळे ‘घर कसं तापवायचं’ या प्रश्नाच्या आधी ‘दिवसभर आलेली ऊब रात्री कुठून पळते’ हा प्रश्न विचारायला हवा. या प्रकरणात मी तोच आधी घेणार आहे. शेगडी, चूल आणि धुराडं त्यानंतर.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत इथली कितीतरी घरं बदलली. मातीच्या जाड भिंती गेल्या, नऊ इंची विटांच्या आल्या. कवेलू उतरवले आणि त्यांच्या जागी टीन चढलं. त्यामागची कारणं खरी आहेत. कवेलू दर पावसाळ्याआधी फेरावे लागतात, माकडं ते फोडतात, आणि फेरणारा माणूस आता सहज मिळत नाही. टीन एकदा ठोकलं की वीस वर्षं बघावं लागत नाही. पण नव्या घरात राहायला गेलेली म्हातारी माणसं पहिल्याच हिवाळ्यात सांगतात की या घरात जास्त हिव लागतं. घरच्यांना वाटतं, वय झालं म्हणून लागत असेल. तसं नाही. म्हातारीचं म्हणणं भौतिकशास्त्राला धरून आहे.

निरभ्र रात्री छत आकाशाकडे तोंड करून पडलेलं असतं. प्रत्येक वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपानं बाहेर टाकत असते आणि समोरच्या वस्तूकडून काही परत घेत असते. छताच्या समोर असतं हिवाळ्यातलं कोरडं, ढग नसलेलं आकाश. त्याच्याकडून परत फार थोडं येतं. जुनं, मळलेलं किंवा रंग दिलेलं टीन अशा रात्री आसपासच्या हवेपेक्षाही थंड होतं. गवतावर दव पडतं त्याचं कारण हेच. टिनाच्या वरच्या बाजूला दव जमतं, आणि खालच्या बाजूला घरातल्या माणसांच्या श्वासातली वाफ. चार माणसं झोपली तर रात्रभरात लिटरभर तरी पाणी श्वासातून आणि त्वचेतून हवेत जातं. ते थंड टिनाला लागून थेंब होतं आणि पहाटे पांघरुणावर टपकतं. छत गळतंय असं समजून लोक डांबर लावतात. खरं तर तो घरच्यांचाच श्वास परत आलेला असतो.

आता हिशेब मांडू. दहा बाय बाराची खोली, म्हणजे छत सुमारे 11 चौरस मीटर. आत-बाहेरच्या तापमानात दहा अंशांचा फरक धरा. नुसत्या टिनाच्या छतातून दर सेकंदाला जी ऊब जाते ती सुमारे साडेसातशे वॉट भरते. दहा तासांच्या रात्रीत ही साडेसात युनिट होतात. शेगडीतली निम्मी ऊब खोलीच्या कामी आली असं धरलं, तर फक्त टिनाचं पोट भरायला रोज साडेतीन किलोंच्या वर कोरडं लाकूड जाळावं लागेल. साठ रात्रींचे दोन क्विंटल होतात, आणि ही सगळी ऊब आकाशात जाते.

आता याच टिनाखाली बांबूचा तट्टा ठोकून त्यावर तीन इंच जाडीचा कोरड्या कुटाराचा (मळणीनंतर उरलेल्या काडीकचऱ्याचा) थर दिला, तर तेवढ्याच फरकाला जाणारी ऊब सत्तर-ऐंशी वॉटवर येते. म्हणजे दहावा हिस्सा. त्यासमोर दुसरा एक आकडा ठेवू. झोपलेला मोठा माणूस सुमारे सत्तर वॉट ऊब देतो. चौघे झोपले की पावणेतीनशेच्या पुढे. म्हणजे छत नीट झाकलं, तर छतातून जाणारी ऊब घरातली माणसं नुसती झोपूनच भरून काढतात आणि वर काही उरते. टिनाखाली मात्र त्यांची सगळी ऊब अपुरी पडते आणि शेगडी लागतेच.

यात जादू काही नाही. कुटार, गवत, कापूस यांत स्वतःचं असं काही विशेष नसतं. ते हवेला जागच्या जागी कोंडून धरतात, एवढंच त्यांचं काम. स्थिर हवा उष्णतेला फार वाईट वाट आहे. कोरड्या पेंढ्यातून जेवढी ऊब सरकते त्याच्या दहापट विटेतून सरकते आणि शेकडो पटींनी पोलादातून. वऱ्हाडातल्या माणसाला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही, कारण त्यानं पिंजारी पाहिलेला असतो. गादीतला किंवा रजईतला कापूस दोन-तीन वर्षांत दबतो आणि रजई थंड पडते. पिंजारी तोच कापूस धनुकलीवर किंवा यंत्रात पिंजून परत भरतो. वजन तेवढंच राहतं, रजई मात्र पुन्हा ऊब धरते, कारण त्यानं तिच्यात हवा भरलेली असते. छताचंही तसंच करायचं आहे. कुटार पायानं चेपून बसवलं किंवा ते ओलं झालं, तर ते दबलेल्या रजईसारखं होतं.

जुनी घरं काय करत होती तेही पाहू, पण त्यांची आरती करायला नको. मातीची भिंत ऊब फारशी अडवत नाही, ती ऊब साठवते. पांढरीच्या मातीची दीड फुटी भिंत दिवसभर ऊन खाते. ते ऊन आत झिरपायला तिला दहा-बारा तास किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणजे दुपारची ऊब मध्यरात्रीनंतर आत पोचते, अगदी लागते तेव्हा. जिथं दिवस गरम आणि रात्र थंड, तिथंच हे चालतं. विदर्भात ते छान चालतं, आणि जिथं दिवसही गोठलेला असतो तिथं जमत नाही. नऊ इंची विटेची भिंत हे काम अर्धवट करते: रात्री दहा-अकरापर्यंत साथ देते आणि पहाटे सोडून जाते.

धाब्याच्या घरात लाकडी तुळयांवर फळ्या किंवा कामट्या, त्यावर पाला-पऱ्हाटी आणि त्यावर वीतभर ते फूटभर मातीचा थर असे. वजन भयंकर, पण भिंतीसारखंच साठवणीचं काम. मेळघाटातल्या कोरकू घरांची रीत निराळी. रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ओळीत घरं, बांबूचा कूड, त्यावर माती-शेणाचं लिंपण, वर कवेलू किंवा गवत. कुडाची भिंत पातळ असते, तिच्यात साठवण फार नाही. तिथं ऊब सांभाळतो तो वरचा माळा. त्यावर मका, धान्य, वैरण असं काहीबाही ठेवलेलं असतं, आणि खाली घराच्या मधल्या भागात चूल. साठवणीच्या सोयीसाठी केलेला माळा छताखालचं पांघरूणही होतो. कवेलूंच्या फटींतून धूर वर निघून जातो आणि जाताजाता बांबूला कीड लागू देत नाही. या शेवटच्या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे, कारण तिच्यापायी एक मोठी सरकारी योजना अडखळली.

तट्टा ठोकायचा तर सामान इथंच मिळतं. बांबू मेळघाटातला, आणि तो विणणारे बुरूड कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेतच. धारणीजवळ लवादा इथं सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र बांबूची घरं आणि वस्तू करायला शिकवत आलं आहे. तट्ट्याच्या खालच्या अंगाला माती-शेणाचं पातळ लिंपण द्यावं. त्यानं फटी बुजतात, कुटार खाली गळत नाही आणि ठिणगी उडाली तर सुकं गवत उघडं राहत नाही. तट्ट्याच्या वरच्या बाजूनं, कुटाराच्या आत उंदीर घर करतात हे खरं. कडा मातीनं घट्ट बंद करणं आणि कुटारात चुना मिसळणं एवढं तरी करावंच. काही जण थर्माकोलची तावदानं लावतात. ऊब अडवायला ती उत्तम आहेत, पण चूल किंवा शेगडी असलेल्या घरात ती लावू नयेत. थर्माकोल झपाट्यानं पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. काहीच जमत नसेल तर बारदानाच्या दोन थरांत कुटार भरून गादीसारखं टाचून वर बांधलं, तरी पहिल्या रात्री फरक कळतो.

दाराखालची बोटभर फट विसरू नये, पण ती पूर्ण बुजवूही नये. का ते विस्तवाकडे वळताना सांगतो.

खोलीत उघडा निखारा ठेवला तर त्याची सगळी ऊब खोलीतच राहते. शुद्ध हिशेबानं हीच सगळ्यांत कार्यक्षम शेगडी! आणि हीच सगळ्यांत धोक्याची. लाकूड अर्धवट जळतं तेव्हा धूर दिसतो आणि डोळे चुरचुरतात, म्हणून माणूस दार उघडतो. कोळसा धुमसतो तेव्हा धूर दिसत नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोकं जड होतं, गुंगी येते, आणि ती झोपेची गुंगी आहे असं वाटतं. दारं-खिडक्या लावून, निखाऱ्याची शेगडी आत घेऊन झोपलेली कुटुंबं सकाळी उठत नाहीत. देशात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. दाराखालची फट पूर्ण बुजवायची नाही ती यासाठीच. पेटती शेगडी घेऊन बंद खोलीत झोपायचं नाही. या प्रकरणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

रोजचा धूर मारतो तो हळूहळू. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला किर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढं बसणाऱ्या बायकांच्या अंगावर मोजणीची उपकरणं लावली, तेव्हा कुठं या धुराकडे जगाचं लक्ष गेलं. घरातल्या धुरानं 2020 साली जगभरात सुमारे 32 लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यात पाच वर्षांखालची मुलं लाखांनी आहेत.

धूर बाहेर काढायचा विचार आपल्याकडे फार आधी झाला, आणि परतवाड्यापासून फार लांबही नाही. वर्ध्याला मगनवाडीत 1934 पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चालू होतं, जे. सी. कुमारप्पा ते पाहत होते. तिथं घडलेली धुराड्याची चूल ‘मगन चूल’ म्हणून ओळखली गेली. मगनलाल गांधींच्या नावावरून मगनवाडी आणि त्याच नावाची चूल. मातीची बंद चूल, एका जाळावर एकाहून जास्त भांडी, आणि शेवटी धूर नेणारं धुराडं, ही तिची कल्पना. पुढे 1980 च्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो 2002 पर्यंत चालला आणि देशभरात तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनं, म्हणजे आनंद कर्वे यांच्या अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटनं, ‘लक्ष्मी’ ही दोन भांड्यांची धुराडं असलेली चूल खेड्यापाड्यांत नेली. तिच्या मापाचे साचे करून दिले, म्हणजे गावातला कुंभार किंवा एखादी बाई तीच चूल पुन्हा पुन्हा बरोबर मापात घालू शकेल.

तीन कोटींतल्या कितीतरी चुली काही वर्षांत मोडल्या. लोकांना सुधारणा नको होती, असं म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. धुराड्यात काजळी साठते, ती काढायला कुणी आलं नाही. चुलीचं तोंड घरातल्या भांड्याला बसलं नाही. पऱ्हाटी आणि तुराटी लांब असते, बारीक तुकडे केल्याशिवाय ती बंद चुलीत जात नाही, आणि ते तुकडे करायचं काम पुन्हा बाईच्याच माथी. शिवाय घरातला धूर थांबला तशी छताच्या बांबूला कीड लागली, बियाण्यासाठी चुलीवर टांगलेल्या मक्याच्या कणसांत किडे झाले. धूर घराचा शत्रू होता तसा राखणदारही होता. राखणदार काढला तर त्याचं काम दुसऱ्या कुणाकडे द्यायला हवं होतं: बांबूवर प्रक्रिया, बियाण्याला बंद कोठी. चूल बसवणाऱ्यांच्या यादीत हे नव्हतं.

आज गॅस बऱ्याच घरांत पोचला आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनं तो मेळघाटाच्या वाटेवरही नेला. पण स्वयंपाक गॅसवर गेला तरी हिवाळ्यात चूल पेटतेच, अंघोळीच्या पाण्यासाठी आणि शेकण्यासाठी. म्हणून धुराड्याचा प्रश्न गॅसनं सुटलेला नाही. ऊब देणारी चूल आणि रांधणारी चूल आता वेगळ्या झाल्या आहेत, एवढंच.

पाण्यासाठी आपल्याकडे बंबासारखी शहाणी वस्तू होती. तांब्याच्या पोटातून आरपार नळी, नळीत जाळ, आणि भोवती चारी बाजूंनी पाणी. जाळाची ऊब पळून जायला वाटच पाण्यातून. वीस लिटर पाणी अंघोळीजोगं तापवायला तत्त्वतः दीडशे ग्रॅम सुकं लाकूड पुरतं. उघड्या चुलीवर याच्या कितीतरी पट जातं, कारण बहुतेक जाळ भांड्याच्या कडेनं निसटतो. बंबानं ही उधळपट्टी कमी केली. त्याला कणसाची बुरकुंडं, गोवरीचे तुकडे, ढलप्या असं काहीही चालतं. एक अट मात्र आहे: जळण सुकं हवं. ओल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असतं, आणि आधी ते पाणी उकळून वाफ करण्यात जाळाचा मोठा वाटा जातो.

परतवाड्यासाठी भुशाची शेगडीही सांगायलाच हवी. सागाच्या बाजारपेठेचं हे गाव. डेपोत मेळघाटातलं लाकूड येतं, आरामशीनवर ते चिरलं जातं आणि भुशाचे ढीग पडतात. पत्र्याच्या डब्याला तळाशी बाजूनं भोक पाडायचं. त्यातून एक दांडका आडवा आणि मधोमध एक उभा धरून भोवती कोरडा भुसा घट्ट ठासायचा, मग दांडके अलगद फिरवून काढून घ्यायचे. भुशात हवेसाठी बोगदा तयार होतो. खालून पेटवलं की तो आतून बाहेर सावकाश जळत जातो, तीन-चार तास, मध्ये जळण सारावं लागत नाही. मात्र ती अंगणात किंवा पडवीत पेटवावी. बंद खोलीत तिचा धुमसता भुसा कोळशाइतकाच घातक.

मग झोपायच्या खोलीत काय न्यायचं? पाणी. ही युक्ती फार कमी घरांत पाहिली. साठ अंशांना तापलेलं वीस लिटर पाणी झाकण लावलेल्या घागरीत किंवा दुधाच्या कॅनमध्ये भरून खोलीत ठेवा. ते तीस अंशांवर येईपर्यंत सुमारे पाऊण युनिट ऊब सोडतं. दहा तासांत विभागली तर सत्तर वॉट, झोपलेल्या एका माणसाएवढी. तिला धूर नाही, विषारी वायू नाही. विस्तव बाहेर राहिला आणि त्याची ऊब तेवढी आत आली. सकाळी ते पाणी कोमट असतं, अंघोळीला घ्या. उघड्या टिनाखाली याचा उपयोग जाणवणार नाही, कुटाराच्या छताखाली जाणवेल.

या घागरीची सर्वांत जास्त गरज बाळंतिणीच्या खोलीला आहे. आपल्याकडे बाजेखाली शेगडी ठेवून बाळंतिणीला शेक देतात, ओव्या-शेपाची धुरी देतात. यामागची समज अगदी बरोबर होती: नवं बाळ स्वतःची ऊब धरू शकत नाही. त्याचं अंग लहान, त्या मानानं त्वचा जास्त, आणि जन्मतः ते ओलं. शरीराचं तापमान साडेछत्तीसच्या खाली गेलं की वैद्यक त्याला गारठा समजतं, आणि कमी वजनाच्या बाळाला तो जिवावर बेतू शकतो. मेळघाटात कमी वजनाची बाळं जन्मतात आणि बरीचशी हिवाळ्यातही जन्मतात. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्गाच्या उपचारांबरोबर बाळाला उबदार ठेवणं हाही त्याचा भाग होता. 39 गावांतल्या त्या कामाचा निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला: नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी. ऊब द्यायची ती धुराशिवाय. बाळाला लगेच पुसायचं, टोपडं घालायचं, आईच्या उघड्या छातीशी धरून दोघांवर पांघरूण घालायचं. आईच्या अंगाएवढी नेमकी शेगडी कुणी बनवलेली नाही. बाजेखालच्या निखाऱ्याची जागा भिंतीशी ठेवलेल्या झाकणबंद गरम घागरीला द्यायला आजींची हरकत नसते, असा माझा अनुभव आहे. शेक मिळतोय ना, एवढंच त्यांना हवं असतं.

घाट चढून चिखलदऱ्याला गेलं की हिशेब थोडा बदलतो. परतवाड्याहून ते सुमारे सातशे मीटर उंच, त्यामुळे दिवसाची हवा चार-पाच अंशांनी गार. तिथं ज्यांना खोली खरोखर तापवायची आहे, त्यांच्यासाठी हिमालयातली बुखारी योग्य: लोखंडाची बंद शेगडी, धूर थेट बाहेर, ऊब खोलीत. भिंतीतल्या उघड्या विलायती शेगडीपेक्षा ती कितीतरी बरी. उघडी शेगडी आपल्या धुराड्यातून खोलीतली तापलेली हवाच ओढून बाहेर फेकते आणि दाराच्या फटींतून गार हवा आत घेते. बेंजामिन फ्रँकलिननं अठराव्या शतकात लोखंडी शेगडी केली ती याच तक्रारीवरून. रशिया आणि मध्य युरोपातल्या लोकांनी याहून पुढची गोष्ट केली: विटांची जडशीळ शेगडी, आत धुराला वळणावळणाची वाट. दिवसातून एकदा तासभर जाळ करायचा आणि दिवसभर तापलेल्या विटांची ऊब घ्यायची. आपल्या मातीच्या भिंतीला जे ऊन करतं, तेच तिथं लाकूड करतं. बुखारीचा नळ मात्र तट्टा आणि कुटारापासून हातभर दूर ठेवावा, छतातून जातो तिथं भोवती पत्र्याची चौकट करून आत माती भरावी.

तट्ट्याचं काम दिवाळीआधी, शेतातून सोयाबीनचं सुकं कुटार नुकतं निघालेलं असताना उरकावं. घरातले लोक पौषात त्याचा हिशेब करतील, मात्र त्याची खरी परीक्षा मे महिन्यात होईल. दुपारी दोनला बाहेर पंचेचाळीस अंश असताना त्या खोलीत उभं राहून हात वर करा, तट्ट्याला लावा, आणि मग शेजारच्या उघड्या टिनाच्या खोलीत जाऊन तसाच हात वर न्या. टिनाला लावू नका, भाजेल.